मुठींना तेल लावू नये

मुलांनो, तुमच्या बाबाच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमच्या मुठींचं रबर चिकट झालंय आणि तुम्ही तो गेम टाकून देणार, असं काल व्हिडिओ कॉलवर म्हणालात. टाकू नका. उपाय मी तेव्हाच सांगत होते, पण तुम्ही "हो आजी, हो आजी" करत भलतीकडेच बघत होता. म्हणून लिहून पाठवते. असल्याच चिकट रबरापायी माझी नोकरी अडली होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बी.ए. होऊन धाड गावी सून म्हणून आले होते. तुमचे आजोबा बुलढाण्याला कचेरीत होते आणि तिथेच खोली घेऊन राहत. तिथल्या मुलींच्या शाळेचं मला पत्र आलं: पंधरा दिवसांत हजर व्हा, इंग्रजी शिकवा. परवानगी सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, हवी होती, आणि त्यांचं सगळं लक्ष त्यांच्या मशीनवर.

एका धंदा बुडालेल्या खेळवाल्याकडून त्यांनी पोतंभर ज्वारी देऊन ताकद मोजायचं यंत्र घेतलं होतं. लोखंडी पेटी, वर तबकडी, पुढे रबर चढवलेल्या दोन मुठी. मुठी एकमेकींकडे दाबल्या की काटा 'अशक्त'वरून 'बरा', 'मजबूत' करत 'पहिलवान'पर्यंत चढे. बाजाराच्या दिवशी अर्धं गाव आमच्या ओसरीवर असायचं. आधी पाहुणे, घरधनी शेवटी, हा घरचा रिवाज. जेवायला बसतानाही तो पाळत, मुठी दाबतानाही. आणि दर बाजाराला साठी उलटलेले मामाजीच तेवढे 'पहिलवान' निघत.

त्यांचा जवसाच्या तेलावर फार विश्वास. गुडघा दुखो, दार करकरो, बैल रुसो, लाव तेल. रबराला भेगा दिसल्या तेव्हा मुठींनाही रोज तेल चोळलं. वर्षभरात रबराचा पाघळलेला गूळ झाला. मला पत्र आलं त्याच आठवड्याच्या बाजाराला शेजारच्या गावच्या व्याह्यांनी, माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी, मुठी दाबल्या आणि हात नव्या पांढऱ्या धोतराला पुसले. त्या धोतराकडे बघून मी हसले. चूक झाली.

"सूनबाई, लय शिकलेली हायेस ना तू?" मामाजी सगळ्यांसमोर म्हणाले. "हे नीट करून दाखव. मंग बुलढाण्याचं पाहू."

आता कृती. तेल अजिबात नको. दवाखान्याच्या कंपाउंडरकडून स्पिरिट आणलं, फडक्यानं मुठींवरचा आणि त्यांच्या सांध्यातला काळा चिकटा पुसला. मग धुण्याच्या सोड्याची लापशी करून जुन्या ब्रशनं घासलं. पाण्यानं पुसून दिवसभर सावलीत वाळवलं. झिजलेल्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला. शेवटी माझी टाल्कम पावडर. मुठी नव्या नवरीसारख्या दिसू लागल्या.

पुढचा बाजार आला. पाहुणे एकेक करून 'बरा'वर थांबले. शेवटी मामाजी उठले, मिशीवर हात फिरवला, मुठी दाबल्या. काटा 'बरा'च्याही अलीकडे थांबला. पुन्हा दाबल्या. चेहरा लाल झाला, काटा हलेना.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "काऊन हो, आज भाकर कमी पडली का?"

ओसरी खदखदली. माझ्या मात्र तेव्हा सगळं ध्यानात आलं. पाघळलेलं रबर सांध्यात उतरल्यामुळे मुठी दाबल्यावर लगेच पुऱ्या मागे येत नसत. प्रत्येक पाहुणा काटा थोडा वर ठेवून जाई, आणि घरधनी शेवटी. पाहुण्यांनी वर्षभर ढकललेला काटा मामाजी फक्त टोकाला नेत होते.

"काय करून ठेवलं वं हे?" ते माझ्यावर ओरडले.

नोकरी गेली, असं मी धरून चालले. तरी म्हटलं, "मामाजी, मी फक्त चिकटा काढला."

त्यांनी मुठी सोडल्या. त्या खाडकन मागे गेल्या, काटा शून्यावर. त्यांनी आणखी एकदा दाबून सोडलं आणि काट्याकडे बघत राहिले. त्यांनाही उमगलं असावं. व्याही तोंडावर उपरणं धरून हसत होते.

"जाय बुलढाण्याले," मामाजी म्हणाले. "उद्याच जाय. घरात राह्यली त आनखी काय काय साफ करशीन!"

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवलं. यंत्रात मामाजींना पुन्हा रस राहिला नाही. पुढे ते मोडीत गेलं. त्याची एक मूठ मी मागून घेतली होती. ती माझ्या कपाटात आहे, ट्यूबचा तुकडा अजून चिकटलेला आहे आणि रबर कोरडं आहे.