आण्णा बाहेर बाग शिंपत होते

मार्थाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याला भावाकडे होते. सकाळची वेळ होती, वहिनी मेथी निवडत बसली होती. "बाई, आण्णा गेले..." एवढंच मार्था म्हणाली आणि रडायला लागली. मार्था ही शमुवेल आण्णांची एकुलती एक मुलगी, शिरवळच्या एका कारखान्यात काम करते. मी तिला धीराचे चार शब्द सांगितले. शिक्षिका असल्यामुळे असे शब्द मला पटकन सुचतात. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. 'आता कुणी विचारणार नाही,' असं आलं. सुटल्यासारखं वाटलं मला... आण्णांना जाऊन दीड महिना झाला. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आण्णा मूळचे जतकडचे. तरुणपणी मिरजेला आले आणि एका दवाखान्यात रखवालदार म्हणून लागले. आमच्या चर्चच्या मंडळीत ते आणि त्यांची बायको रूथ दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचे. रूथ आजारी पडली, वर्षभर अंथरुणाला खिळली आणि गेली. त्यानंतर आण्णा पिऊ लागले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, आणि 'प्रार्थना करू या' असं एकमेकांना सांगितलं. त्यांच्या घरी मात्र कुणी फारसं गेलं नाही. मीही नाही. मग एका ईस्टरच्या सकाळी ते हातात फुलं घेऊन झोकांड्या खात चर्चमध्ये शिरले, थेट पुढे आले आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या, मेजावर कोसळले. प्याला उलटला. पांढऱ्या कापडावर द्राक्षरस पसरला, लहान मुलं घाबरून रडू लागली. फुलं रूथच्या नावानं आणली होती, हे मागाहून कळलं.

कमिटी बसली. मी तेव्हा मंडळीची सेक्रेटरी होते, अक्षर चांगलं म्हणून. 'पुढील निर्णय होईपर्यंत आपण प्रभुभोजनात सहभागी होऊ नये,' असं पत्र मी लिहिलं आणि मीच नेऊन दिलं. आण्णा शुद्धीवर होते. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "किती दिवस, बाई?"

"कळवू," मी म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते मला चर्चच्या मागे खणताना दिसले. तिथे एका पाडलेल्या खोलीचा राडारोडा पडला होता, आणि खालची जमीन चोपण, उन्हाळ्यात पांढरा थर धरणारी. रोज संध्याकाळी पाच वाजता ते यायचे आणि अंधार पडेपर्यंत विटांचे तुकडे उपसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "प्यायची येळ हीच की वो, बाई. हात मोकळं ऱ्हायलं की पाय तिकडं वळत्यात." पहिलं वर्षभर त्यांनी काहीच लावलं नाही. पालापाचोळा आणि शेण आणून टाकलं, ताग पेरला आणि फुलावर आल्यावर तो मातीतच गाडून टाकला. लोक हसायचे, ही कसली बाग, उगवलेलं गाडायची! आण्णा म्हणायचे, "मातीला आदी बरं वाटाय पायजे. मग मागायचं तिच्याकडं." तिसऱ्या वर्षी झेंडू आणि शेवंती आली. मेजावरची फुलं विकत आणायची गरज उरली नाही. मग त्यांनी तासगावकडून द्राक्षाची एक काडी आणली आणि तिच्यासाठी छोटा मांडव घातला. दारू तोवर पूर्ण सुटली होती. कधी सुटली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली नाही की काही सांगितलं नाही.

ती बाग माझ्या फार कामाला आली. मी संडे स्कूल चालवायचे. मुलांना बागेत न्यायचं, बी दाखवायचं, कोंब दाखवायचा आणि म्हणायचं, विश्वास असा वाढतो. खडकाळ जमीन म्हणजे कोणतं मन, तण म्हणजे कोणत्या सवयी, हे सगळं मला छान जमायचं. आजूबाजूच्या मंडळ्यांतून मला बोलवायचे. पाटणच्या एका शिबिरात तर मी बागेवर सलग तीन दिवस बोलले, आणि शेवटी लोकांनी माझे हात हातात घेऊन आभार मानले. ज्या माणसानं ती जमीन खणली होती, त्याचं नाव मी त्या तीन दिवसांत एकदाही घेतलं नाही.

एकदा मला द्राक्षवेलाचा धडा घ्यायचा होता. आण्णा एप्रिलची छाटणी करत होते. ही छाटणी फार कठोर दिसते, वेलावर जवळजवळ काहीच ठेवत नाहीत. मी वही घेऊन उभी होते. म्हणाले, "म्हणजे देव आपल्याला अशी शिक्षा करतो, असंच ना आण्णा?" ते शिडीवरून खाली उतरले.

"आवं बाई, छाटणी म्हंजे शिक्षा न्हवं. छाटल्यावर तर माळ्याचं काम सुरू हुतंय. रोज येऊन बघाय लागतंय, डोळा फुटला का, कीड लागली का. छाटून जो घरला गेला, त्यो माळीच न्हवं."

किती सुंदर, असं म्हणत मी ते वहीत उतरवून घेतलं. रविवारी मुलांना सांगितलं. आण्णांना तिरकं बोलायची सवय नव्हती, ते वेलाबद्दलच बोलत होते. पण ऐकणारीला तरी कळायला हवं होतं... मला नाही कळलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्या दिवशी उपदेश संपला की आण्णा शेवटच्या बाकावरून हळूच उठायचे आणि बाहेर जायचे. खिडकीतून ते पाइप धरून झाडांना पाणी घालताना दिसायचे. नवे लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा बागेवर किती जीव! मीही हसून मान हलवायचे. सुरुवातीला, ते का उठतात हे मला पक्कं ठाऊक होतं. कमिटीपुढे विषय काढायला हवा, असं दोन-तीनदा मनातही आलं. मग चर्चचे पाळकसाहेब बदलले, कमिटी बदलली, कुणाचं लग्न, छपराची दुरुस्ती, रंगकाम... आणि एक दिवस मीसुद्धा मानू लागले की आण्णा झाडांसाठीच बाहेर जातात. अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं. आमचे आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, दोनच वर्षांपूर्वी आलेले. ते प्रभुभोजन द्यायला निघाले तेव्हा मदतीला मी गेले. मार्था उशाशी बसली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि पुढे केली. आण्णांनी तोंड फिरवलं.

"मला न्हाई चालत, साहेब. मनाई हाय. कागद हाय माझ्याकडं."

"कसला कागद, आण्णा?"

"बाईंस्नी ठाऊक हाय."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मार्थानंही. माझ्या हातात प्याला होता. एक वाक्य पुरे होतं, 'आण्णा, आम्ही विसरलो, आम्हाला माफ करा.' ते मला बोलता आलं नाही. मी म्हणाले, "आण्णा, ती मनाई तर कधीच उठली. वर्षभरातच. तुम्हाला कळवायचं तेवढं राहून गेलं."

मरणाच्या दारातल्या माणसापुढे, हातात तो प्याला धरून, मी खोटं बोलले.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय? आसंल... माझ्याच कानावर आलं नसंल." त्यांनी तोंड उघडलं, भाकर घेतली. प्याला ओठांना लावताना माझा हात इतका कापत होता की त्यांनी स्वतःचा हात वर करून माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला निघून गेले. भावाकडे काही काम नव्हतं. मला पुन्हा त्या खोलीत जायचं नव्हतं.

आण्णांच्या मातीला मी गेले, पण कुणाच्या नजरेला नजर देता आली नाही. दोन आठवडे झोप लागेना, तेव्हा शिरवळची एसटी पकडली. मार्थाची सुट्टी होती. तिनं चहा ठेवला. मी चहा पिण्याआधीच सगळं सांगून टाकलं, की मनाई कधी उठलीच नव्हती, मी खोटं बोलले. तिनं गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"मला ठाऊक हाय, बाई. तुमी गेल्यावर आण्णा मला म्हनलं, बाई खोटं बोलल्या. मला राग आला, मी म्हनलं उद्या विचारतेच त्यास्नी. तर म्हनलं, न्हाई, काय बोलू नगंस. त्यांचा हात लय कापत हुता."

"मग त्यांनी घेतलं कसं, मार्था?"

"मीबी तेच इचारलं. म्हनलं, मी न्हाई म्हनलो आसतो, तर बाई सगळ्यांसमोर उगड्या पडल्या आसत्या."

अकरा वर्षं जो माणूस माझ्या एका ओळीसाठी थांबला, त्यानं शेवटी ती मनाई मोडली, तीही मला झाकायला. त्या खोलीत आजारी कोण होतं, हे मला शिरवळच्या त्या स्वयंपाकघरात कळलं.

मिरजेला परत येऊन मी कमिटीला सगळं सांगितलं. एक ज्येष्ठ सभासद समजुतीनं म्हणाले, "आता कशाला उकरता, बाई? मनाई तेव्हाच उठली होती असं लिहून टाकू." माझंच खोटं मिनिटबुकात शाईनं लिहायला निघाले होते ते. मी नको म्हणाले. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मार्थाला बोलावून घेतलं, आणि उपदेश संपल्यावर मंडळीपुढे उभी राहून जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. खाली बसणं मला शक्य नव्हतं. मी बाहेर गेले, नळाचा पाइप घेतला आणि शेवंतीला पाणी घालू लागले.

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तिथे उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू येतं. गाणं, प्रार्थना, पेल्यांची बारीक किणकिण. 'सर्वांनी या' असं पाळकसाहेब म्हणतात, तेही अगदी स्पष्ट. आणि उपासनेआधी मुलांसाठी होणारे माझे सगळे धडेही आण्णांना इथे ऐकू येत असणार...

थोड्या वेळानं मार्था दारात आली. "बाई," ती म्हणाली, "आत या."

आण्णांना अकरा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मला पाच मिनिटांत आली, तीही त्यांच्या मुलीची. मी नळ बंद केला, हात धुतले आणि तिच्या मागोमाग आत गेले.