काच कुठून फुटली

काचवाल्याच्या घरात आरसा नव्हता. दुकानात होते, पण ते गिऱ्हाइकांचे, भिंतीकडे तोंड करून उभे केलेले. दाढी तो न्हाव्याकडे करून घ्यायचा, तीही डोळे मिटून. न्हावी म्हणायचा, "अहो, उघडा की डोळे. तुमचाच चेहरा आहे, उसना आणलेला नाही." काचवाला हसल्यासारखं करायचा आणि डोळे मिटलेलेच ठेवायचा. बायको भांग पाडायला शेजारणीकडे जायची. आधी तिनं भांडून पाहिलं, मग रुसून पाहिलं, मग नाद सोडला. "काचेच्या धंद्यातल्या माणसाला काचेचं भय! उद्या सुताराला लाकूड चावायला लागेल," असं ती शेजारणीला सांगायची आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. खरं कारण तिलाही माहीत नव्हतं.

माणूस कामाला मात्र पक्का. हे सांगायलाच हवं, कारण जे घडलं ते त्याच्या नावलौकिकामुळंच घडलं. काच कापायची हिरकणी तो काचेवरून एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा ओढणाऱ्याला तो काचवाला म्हणतच नसे. चौकटीत तावदान धरून ठेवणारी लांबी विकतची आणायचा नाही. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल घेऊन स्वतः मळायचा, कणकेसारखी मऊ होईतो. आणि फुटलेली काच वाचावी तर त्यानंच. मार बसतो त्याच्या पलीकडच्या अंगाला बहुतेक तुकडे पडतात, एवढं कुणालाही कळतं. पण हा चौकटीत उरलेल्या तुकड्याची कड बोटाखालून फिरवायचा, आंधळ्यानं ओळखीचा चेहरा चाचपावा तशी, आणि सांगायचा : दगड इकडून आला. त्याचं कधी चुकलं नव्हतं. लोक असं म्हणायचे, आणि तोही ऐकून घ्यायचा.

एकदा चुकलं.

बारा वर्षांपूर्वी शाळेच्या हेडमास्तरांच्या खोलीची खिडकी फुटली आणि आतला नवा टेपरेकॉर्डर गेला. त्या दिवशी व्हरांड्यात एकच पोरगं होतं. उशिरा आलं म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं. डोळे घारे, म्हणून सगळे त्याला घाऱ्याच म्हणत. हेडमास्तरांनी काचवाल्याला बोलावलं. "बाहेरून फोडून कुणी आत शिरलं, की आतल्याच कुणी नेऊन वर हा देखावा केला? तुम्ही सांगाल ते खरं."

तुम्ही सांगाल ते खरं! काचवाल्याची मान ताठ झाली. दुसऱ्या कामाची घाई होती. खोलीच्या आत, खिडकीखाली, काचांचा ढीग पडलेला दिसला. त्या दिवशी त्यानं कड बोटाखालून फिरवली नाही. ढीग पाहिला आणि बोलला, "बाहेरून."

त्या एका शब्दावर कागद झाला. पोलीस आले, आणि घाऱ्याला सुधारगृहात नेलं. पोरगं तेव्हा अकरा वर्षांचं होतं.

दोन वर्षांनी काचवाला त्याच शाळेत एक तावदान बसवत होता. झाडणारी मावशी खाली तुकडे गोळा करत होती. कष्टाची बाई, तोंडानं अखंड चालू. म्हणाली, "लवकर आटपा बाबा. पोरं अनवाणी पळतात. टेपरेकॉर्डर गेला त्या दिवशी तर व्हरांडाभर काचा! मीच सगळ्या दारातून आत लोटल्या, एकाचा तरी पाय कापला असता म्हणून."

काचवाल्यानं हिरकणी खाली ठेवली. काचा व्हरांड्यात होत्या. म्हणजे मार आतून बसला होता. म्हणजे आतल्याच कुणीतरी, किल्ली असलेल्या माणसानं, वस्तू नेली आणि मग खिडकी फोडली.

तो कुणाकडे गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. हेडमास्तर बदलून गेले. आता सांगून काय उपयोग, असं त्यानं मनाला समजावलं, आणि मनही समजल्यासारखं गप्प बसलं.

घाऱ्या पंधराव्या वर्षी सुटून आला. उंच झालेला, आवाज फुटलेला. एका सकाळी दुकानापुढं येऊन उभा राहिला.

"काका, बाहेरून म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना?"

काचवाला लांबी मळत राहिला.

"मी आत शिरलोच नव्हतो, काका."

"मला काय ठाऊक," काचवाला म्हणाला. हे दुसरं खोटं. पहिलं चुकून झालं होतं, हे जाणूनबुजून.

पोरगं गेलं नाही. दोन दिवस येऊन उभं राहिलं, बघत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, जुनी लांबी काढताना काच फुटत कशी नाही? काचवाल्याला वाटलं, बरं झालं, विषय बदलला. त्यानं पटाशी धरून दाखवलं, कोपऱ्यातून सुरुवात करायची, काचेवर जोर द्यायचा नाही. इतक्या मायेनं त्यानं कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

महिन्याभरात गावात चोऱ्या सुरू झाल्या. एकाही घराची काच फुटलेली नसायची. लांबी अलगद काढलेली, आणि तावदान भिंतीला टेकवून उभं, साधा ओरखडाही नाही. लोक काचवाल्याला बोलवायचे, "तीच परत बसवा की, नवी कशाला?" तो बसवायचा. काचेवर बोटांचे ठसे असायचे. ते तो फडक्यानं पुसून टाकायचा.

मग एका गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावरून घाऱ्या खाली पडला आणि जागीच गेला. खिडकीबाहेरच्या अरुंद कठड्यावरून पाय सुटला. काच मात्र त्यानं आधीच कठड्याच्या आतल्या अंगाला नीट टेकवून ठेवली होती. ती बसवायलाही काचवाल्यालाच बोलावलं. त्यानं काच उचलून उजेडात धरली, आणि त्यात त्याला दोन घारे डोळे दिसले. रागावलेले नव्हते. विचारत होते. त्या दिवसापासून घरातला आरसा गेला.

आता या वर्षाची गोष्ट.

शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. शिस्तीच्या. त्यांनी निरोप धाडला : वाचनालयाची खिडकी फुटली आहे, लगेच या.

काचवाला गेला तेव्हा बाईंच्या टेबलासमोर दहाएक वर्षांची मुलगी उभी होती. पोरीच्या पायांना जागेवर ठरणं म्हणून माहीत नसावं. मुलं तिला भिंगरी म्हणायची. आज मात्र ती खिळल्यासारखी उभी होती. शिपाई तिच्या मागं, पळून जाईल म्हणून.

"मी नाही फोडली," ती म्हणत होती. "ती आतूनच फुटली."

"आतून फुटायला वाचनालय बंद होतं," बाई म्हणाल्या. "किल्ली एकट्या मावशींकडे असते. मग काय, मावशींनी फोडली?" मग काचवाल्याकडे वळून, "मागच्या महिन्यापासून ही चौथी खिडकी. या वेळी मी पोलिसांत लिहून देणार आहे. पण मुलीवर उगाच आळ नको. तुम्ही बघा आणि सांगा. आतून की बाहेरून? तुमचा शब्द शेवटचा."

काचवाल्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

वाचनालयात तो एकटाच गेला. या वेळी त्यानं ढिगाकडे पाहिलंच नाही. चौकटीतला तुकडा सोडवला, कड बोटाखालून फिरवली. एकदा, दोनदा, दहादा. मग गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला. दगड तिथंच होता, लिंबाएवढा.

बाहेरून. पोरीनंच मारला होता.

तो तसाच जमिनीवर बसून राहिला. दगड खिशात टाकला तर संपलं. 'आतून' म्हणायचं आणि पोरगी घरी. आपल्या एका खोट्यानं एक गेला, दुसऱ्यानं एक वाचेल. तोंडावर शब्द आलाही होता. आणि मग दारात मावशी दिसली. म्हातारी झालेली, हातात झाडू, कमरेला ती किल्ली.

"झाडू का रे बाबा, की अजून बघायचंय?"

"थांब मावशी," तो म्हणाला. "हात लावू नकोस."

शिपायानं भिंगरीला आता व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं; काचवाला येऊन तिच्याशेजारी टेकला. शिपायाला म्हणाला, "जरा लांब हो." मग दगड तळहातावर धरून दाखवला. पोरीचा चेहरा उतरला.

"का मारलास?"

तिनं दगडाला बोट लावून पाहिलं. मग, "तीन दिवस झाले, फाटकाबाहेर आहे मी."

"का?"

"उशीर होतो. धाकट्याला सांभाळावं लागतं, आई धुलाईच्या कामावरून येईपर्यंत. हा शिपाईदादा म्हणतो, पालकांना आण, मग आत घेतो. आई आली तर तिचा रोज बुडतो."

"मग घरी जायचं."

"घरी काय करू? आत शाळा चालू होती ना." तिनं नाक पुसलं. "मी हाक मारली. बाई त्यांच्या खोलीच्या खिडकीपाशीच होत्या. कुणी बघेचना. दगड मारला तेव्हा सगळे बाहेर आले."

काचवाला उठला. भिंगरीला घेऊन तो बाईंच्या खोलीत गेला आणि त्यानं दगड टेबलावर ठेवला.

"बाहेरून. हिनंच मारला."

भिंगरीनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती त्याला आधीपासून ओळखीची होती.

बाईंनी कागद पुढं ओढला. "झालं तर मग."

"लिहायच्या आधी ऐका," तो म्हणाला, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ढीग, मावशीचा झाडू, दुकानापुढं उभं राहिलेलं पोर, पटाशी, गोदामाचा कठडा. कुठं थांबला नाही, कुठं आपल्याला सावरून घेतलं नाही. शिपाई दारात दगडासारखा उभा.

बाईंनी चष्मा काढला. "दहा वर्षं तुम्हाला हे माहीत होतं, आणि तुम्ही गप्प?"

"हो."

"मग तुमच्या शब्दावर आज मी का विसंबू?"

"विसंबू नका. माझ्या शब्दानं कुणाचं काही ठरवू नका. पोरीला विचारा, ती तीन दिवस कुठं उभी होती."

"तीन दिवस?" बाईंनी शिपायाकडे पाहिलं.

"नियम आहे बाई," शिपाई चाचरला. "उशिरा येणाऱ्याला आत घेऊ नका, तुम्हीच म्हणालात."

"मला कळवायचं नाही?"

"रोज आठ-दहा असतात बाई. कुणाकुणाचं कळवू?"

आठ-दहा. बाईंच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं, तिथं शाईचा ठिपका पसरत गेला. मग त्यांनी कागद घडी करून फाडला. भिंगरीला म्हणाल्या, "वर्गात जा. शनिवारी यांच्याबरोबर ती काच तू बसवायचीस. आणि उद्यापासून उशीर झाला तर सरळ माझ्याकडे यायचं. फाटकावर नाही." शिपायालाही तेच बजावलं. पोरगी गेली, पळत नाही, मागं बघत बघत.

काचवाला निघाला तसं बाईंनी थांबवलं. नवा कागद पुढं केला. "आता मला सांगितलंत ते लिहा. खाली सही करा. एक प्रत शाळेत राहील. दुसरी त्या मुलाच्या घरी पोचली पाहिजे."

त्याला लिहायची सवय नव्हती. दुपार गेली. हेडमास्तरांपुढं बोललेला 'बाहेरून' हा शब्द त्यानं जसाच्या तसा लिहिला, आणि पुढं : तो माझा चुकला.

घाऱ्याच्या आईचं घर मावशीनंच सांगितलं. गल्लीच्या टोकाला, एका खोलीचं. ती उंबऱ्यात बसून सुपातले खडे निवडत होती. त्यानं ओळख दिली. तिनं बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.

"वाचता येतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं उभ्यानंच वाचून दाखवलं. संपलं तेव्हा तिचे हात सुपात तसेच थांबलेले होते.

"तो रोज सांगायचा," ती म्हणाली. "सुधारगृहात भेटायला गेले की पहिलं हेच. आई, मी आत शिरलो नाही. मी त्याला मारायची. म्हणायची, काचवाले जाणते आहेत, ते कशाला खोटं बोलतील? आधी कबूल कर, मगच तोंड बघीन." तिनं सूप बाजूला सरकवलं. "मग त्यानं सांगायचं बंद केलं. मला वाटलं, सुधारला."

काचवाल्यानं कागदाची घडी घातली.

तिनं सरकून उंबऱ्यात थोडी जागा केली. त्याच्याकडे बघितलं नाही.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली. "सावकाश."