गाव बघायचा खडक

संदीपदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या फ्लॅटमध्ये, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. काका एवढंच म्हणाले, "पोरी, आपला संदीप गेला. तालमीत..." मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी कॅमेरा बंद केला.

दादा माझा चुलतभाऊ. मुठा गावात राहायचा, पहाटे जोर-बैठका, दिवसा भातशेती, संध्याकाळी तालमीत पोरांना डाव शिकवायचा. मी इंग्लिश शाळेतली, घुमी. लग्नकार्यात कोपरा धरून बसायचे. तो मुद्दाम शेजारी येऊन बसायचा. "मॅडम, तुमी बोलू नका, मी बी बोलत न्हाई. बघू कोण हरतंय." दर वेळी तोच हरायचा.

देवीच्या टेकडीवर जाताना निम्म्या वाटेत एक खडक आहे. दादा तिथे हमखास टेकायचा. "बस, गाव बघू." एवढा मोठा गडी, पण गावाचं भारी वेड, असं सगळे म्हणायचे. एका आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी त्याच्या हृदयाची भिंत जाड दिसते, मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं सांगितलं होतं. ते ऐकून वस्ताद खूश झाले. "पैलवानाचं काळीज जाडच असायचं! मेहनत हाय ती." मग थंडाई वाढली, जोर वाढले. दवाखाना राहिला.

तो गेल्यावर तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना आणि मला समोर बसवून समजावलं. हृदयाच्या स्नायूत प्रथिनांचे बारीक धागे असतात. ते एकमेकांना ओढतात, मग सोडतात. ओढलं की रक्त बाहेर जातं, सोडलं की पुन्हा भरतं. ही ओढ आवरणारं एक प्रथिन असतं. दादाच्या जनुकातल्या एका बदलामुळे ते पुरेसं बनत नव्हतं. त्यामुळे स्नायू गरजेपेक्षा जोरात आवळायचा, नीट सैल होत नव्हता, आणि वर्षानुवर्षं जाड होत गेला. काकांनी विचारलं,

"म्हंजी ताकद जास्ती झाली व्हय?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "सैल व्हायला जमत नव्हतं, काका."

हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. दादाची स्वरा नऊ वर्षांची आहे, तीही तालमीत जाते. तिची तपासणी करू या, असं मी वहिनीला म्हटलं, तर ती भांडी घासता घासता थांबली. "वन्सं, माझ्या पोरीला काय बी झालेलं न्हाई. एकदा आजार निघाला की कुस्ती बंद. उद्या स्थळ कोण आणंल? बापाचं तेवढंच राहिलंय तिच्याकडं." तिचं सगळंच चूक आहे असं मला वाटेना...

गेल्या रविवारी आम्ही तिघी देवीला गेलो. स्वरा पुढे पळत होती. खडकापाशी थांबली, टेकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आत्या, बस. गाव बघू."

ती बापाची नक्कल करत होती की तिला दम लागला होता, मला कळेना. विचारलं, तर नुसती हसली. मागून वहिनी आली. दादा एकटाच निम्मा खडक अडवायचा, आम्ही तिघी त्यावर मावलो. खाली खाचरं, पलीकडे नवे बंगले. वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने लेकीच्या पाठीवर तळवा ठेवला होता, तो काढलाच नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "कुटं करत्यात ती तपासणी?"