शॉर्ट चालू आहे

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी पत्नी सुमन वारली. कावीळ झाली होती. बुधवारी अंत्यविधी झाला. पुढच्या सोमवारी मी कामावर गेलो.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात वायरमन होतो. करमणूक हॉलमधलं सिनेमाचं मशीनही माझ्याकडेच असे. त्या आठवड्यात हॉलमध्ये तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव होता. कारखान्याच्या लॅबमधले देसाई साहेब तो भरवत होते. नेहमीचे सिनेमे त्यात नव्हते. फारसं नाव नसलेल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने काढलेले मोठे चित्रपट, माहितीपट आणि दहा-पंधरा मिनिटांचे छोटे चित्रपट. या छोट्यांना ते 'शॉर्ट' म्हणत आणि हॉलच्या फलकावरही तसंच लिहीत.

देसाई साहेबांनी मला बाजूला घेतलं. "भालेराव, रविवारी एक माहितीपट आहे. तुमच्या मिसेस त्यात आहेत म्हणे."

"माहीत आहे."

"मी दुसरा माणूस बघतो. शिवाय तुमचं सुतक..."

"आम्ही सुतक पाळत नाही, साहेब. आणि दुसरा माणूस मशीन बिघडवील."

सुमन कर्जतजवळच्या एका ठाकूरवाडीवर, आदिवासींच्या वस्तीवर, शिक्षिका होती. आम्ही भिसेगावात राहायचो. तिथून ती रोज चालत जाई. दोन वर्षांपूर्वी वाडीवर कॅमेरा घेऊन माणसं आली होती. त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "अहो, मी बोलले त्यात." काय बोललीस, विचारलं, तर सांगेना. "पडद्यावर ऐका." तिचा आवाज कुठेही टेप केलेला नव्हता. आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. जो काही असेल, तो त्या रिळातच.

शुक्रवार-शनिवार मला फारसं काही कळलं नाही. एका चित्रपटात एक म्हातारा बराच वेळ चहा उकळत होता. दुसऱ्यात एक माणूस एस.टी.च्या थांब्यावर उभा राहिला आणि चित्रपट संपला. मी दिवे लावले तरी कोणी उठेना.

"संपला?" पुढच्या रांगेतल्या एका फिटरने विचारलं.

"संपला."

"मग गाडी आली का नाही?"

मलाही ते माहीत नव्हतं. दुःखात माणसाला गोष्टीचा धागा लागत नाही, म्हणून मला कळत नसेल, असं मी समजत होतो. पण हॉलमध्ये कोणालाच कळत नव्हतं. देसाई साहेब मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होते.

माहितीपटही पंधरा मिनिटांचा, म्हणजे शॉर्टच होता. त्याचं रीळ रविवारी सकाळी पुण्याहून पार्सलने कर्जत स्टेशनवर आलं. मी ते घेऊन खोपोलीला पोचेपर्यंत दुपार झाली. रीळ आधी एकदा चालवून बघायचं असतं. त्या दिवशी वेळ नव्हता, आधी दोन शॉर्ट दाखवायचे होते. देसाई साहेबांनी वाडीतली दहा-बारा माणसं टेंपोने आणली होती. ती पहिल्या रांगेत बसली. खिडक्यांना काळे पडदे लावले आणि मी मशीन चालू केलं.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला सुमन आली. शाळेच्या ओट्यावर उभी, समोर पोरं. ती बोलत होती. ओठ हलत होते. आणि आवाज एका पुरुषाचा येत होता: "शिक्षणाचा प्रकाश आज दऱ्याखोऱ्यांत पोचला आहे..."

फिल्मच्या कडेला आवाजाची एकच पट्टी असते. तिच्यात जे भरलं असेल तेवढंच ऐकू येतं. हे मी कितीतरी जणांना समजावून सांगितलं होतं. तरी मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्या निवेदनाखाली कुठे तिचा आवाज असेल, असं वाटलं. निवेदक ओरडू लागला.

"ओ भालेराव, कान फुटले!" कोणीतरी ओरडलं.

मी बटण मागे फिरवलं. तेवढ्यात वीज गेली.

अंधारात कुजबुज सुरू झाली. मग त्याच फिटरचा आवाज आला, "गप बसा रं, हे पण सिनेमातच असेल."

दार धाडकन उघडलं. आमचे फोरमन आत आले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वाळूची बादली.

"कोणी पाणी टाकू नका! भालेराव, कुठे लागलाय?"

"काय लागलाय?"

"शॉर्ट! वॉचमनला विचारलं आत काय चाललंय. म्हणाला, शॉर्ट चालू आहे. दुपारपासूनचा तिसरा! मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अरे, वायरमन ना तू?"

"साहेब, शॉर्ट म्हणजे छोटा सिनेमा."

फोरमननी बादली खाली ठेवली. "मग छोटा सिनेमा म्हणा ना!"

सगळा हॉल हसला. ते मेन चढवायला गेले.

वीज आल्यावर मशीन जिथे थांबलं तिथूनच सुरू केलं, तर ते वेग घेईपर्यंत पहिले काही शब्द रडके ऐकू येतात. म्हणून फिल्म थोडी मागे घ्यायची पद्धत आहे. दोन-तीन फूट पुरतात. मी वीस फूट मागे घेतली. ते माझ्या कामात बसणारं नव्हतं. या वेळी आवाज पूर्ण बंद ठेवला.

सुमन पुन्हा ओट्यावर उभी राहिली. ओठ हलू लागले. नऊ वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो होतो. मला एकही शब्द ओळखता आला नाही.

पहिल्या रांगेतून बुधीबाई बोलली. तिचा मुलगा सुमनच्या शाळेत होता. "बाई काय म्हनत्यात, ठाव हाय का? म्हनत्यात, त्या सायबाकडं बघू नका, माझ्याकडं बघा. आनि गोम्या, नाक पूस."

पोरांपैकी एकाने पडद्यावर खरंच बाहीने नाक पुसलं. लोक हसले.

"नाय गं," तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "त्या तवा पाढं म्हनवत व्हत्या. मी व्हतो की तिथं, कुडाला टेकून."

"पाढं सकाळी असायचं. हे दुपारचं हाय, सावली बघ."

"तुला लई कळतंय सावलीतलं!"

तोवर दृश्य बदललं. पडद्यावर विहीर आली. मी आवाज चालू केला.

नंतर त्या दोघांना मी बाहेर गाठलं. दोघांनी आपापलं पुन्हा सांगितलं आणि दोघंही ठाम होते. बुधीबाईने माझा हात धरला आणि टेंपोत चढली.

सोमवारी रीळ परत गेलं. चित्रपट काढणाऱ्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर महिन्याने आलं. त्या दिवशी वाडीवर फक्त कॅमेरा नेला होता, आवाज घेण्याचं यंत्र नेलं नव्हतं. निवेदन नंतर मुंबईत भरलं. सुमनला कोणी हे सांगितलं नसावं. आपलं बोलणं त्यात गेलं, असंच ती धरून चालली होती.

कारखान्यात एक नियम तेवढा झाला. हॉलच्या फलकावर 'शॉर्ट' लिहायचं नाही, 'लघुपट' लिहायचं. ज्या शब्दाने धंद्यातला माणूस मेन पाडतो, तो शब्द दारावर लावू नये.

सुमन त्या दिवशी काय बोलली, याची दोन उत्तरं माझ्याकडे आहेत. खरं कोणतं ते मला माहीत नाही. तिचा आवाज कुठेही नाही.