पहिल्या हाकेला

पोशेऱ्यात कुणालाही विचारा, तो सांगेल की लाडक्याची पोरगी हर्षाली कुणाच्या बापाला भीत नाही. एसटीत एका आगाऊ माणसाचा अंगठा तिने असा पिरगळला की तो पुढच्याच थांब्यावर उतरून गेला, हे मोखाड्याच्या बाजारात अजून मीठमसाला लावून सांगतात. अंगठ्याची गोष्ट खरी आहे. पण त्यानंतर घरी पोचल्यावर आईने हातात दिलेला पाण्याचा तांब्या तिला तोंडाला लावता येईना, हे बाजाराला माहीत नाही. बाजाराला अर्धी गोष्ट पुरते.

हर्षाली सत्तावीस वर्षांची आहे. जव्हार आणि मोखाड्याच्या शाळा फिरून मुलींना स्वसंरक्षण शिकवते. कराटे येतं, ज्युदो येतं, लाठी येते. पाठ ताठ, बोलणं मोजकं, गळ्यात शिट्टी. मुली तिला 'कराटेवाल्या मॅडम' म्हणतात आणि चालताना तिच्यासारखी मान ठेवायला बघतात. या मॅडम संध्याकाळी गाडीतून उतरल्या की आधी मागे बघतात, मग दोन्ही बाजूंना, आणि मगच पाऊल उचलतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो हिच्या मागे ती बारा वर्षांची असल्यापासून आहे.

ते कसं झालं हे कळायला आधी इथली एक रीत कळायला हवी. डोंगरउतारावरची शेतं ही. एकाची नागली या टेपावर म्हणजे टेकाडावर, दुसऱ्याची वरई त्या टेपावर, त्यामुळे माणसं एकमेकांशी हाकेनेच बोलतात. पण हाक रानातून किंवा ओहळातून आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. रानात जे फिरतं त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'रानातलं' म्हणतात. ते तुमच्या माणसाचा आवाज काढतं, तुमचं नाव घेतं, पण त्याला हाक एकदाच मारता येते. ओ दिलीत की गेलात. दुसरी हाक आली तर समजायचं की माणूस आहे. शिकून नोकरीला लागलेले लोक चारचौघांत या रीतीला हसतात, आणि ओहळाच्या कडेला एकटे उभे राहिले की गुपचूप दुसऱ्या हाकेची वाट बघतात.

बारा वर्षांची हर्षाली भर दुपारी हंडा घेऊन ओहळावर गेली होती. वर टेपावर तिची आई नवशी नागली कापत होती. हंडा बुडवायला ती वाकली आणि मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं. त्या माणसाने तोंडाला गमछा बांधला होता, हाताला डिझेलचा वास होता. "आये" एवढी एकच हाक तिच्या तोंडून निघाली आणि त्याचा दुसरा हात तिच्या तोंडावर आला. वर नवशीने हाक ऐकली. विळा हातात तसाच धरून ती उभी राहिली आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागली. दुसरी हाक यायची कुठून? नशीब थोर म्हणून तेवढ्यात सुकऱ्या म्हातारा गुरं पाजायला ओहळात उतरला. घंटांचा आवाज ऐकून तो माणूस पोरीला ढकलून झाडीत पळाला. कोण होता ते आजतागायत कळलेलं नाही.

संध्याकाळी चुलीपुढे बसून नवशी म्हणाली, "मी ऐकली गे तुझी हाक. मला वाटलं रानातलं हाय. दुसरीची वाट बघत व्हते." त्यानंतर त्यावर ती कधी बोलली नाही. तिला कुणी बोल लावला नाही. हर्षालीनेही नाही, कारण आईच्या जागी ती असती तर तीही थांबलीच असती. पण त्या दिवसापासून तिला दोन भीती चिकटल्या. एक, तो हात कुणाचाही असू शकतो. दुसरी, आपण हाक मारली तरी कुणी येत नाही. पहिलीपेक्षा ही दुसरी भीती जास्त वाईट होती.

पुढे ती शिकायला जव्हारच्या वसतिगृहात राहिली. मैदानावर सकाळी रोहिदास सर मुलींना कराटे शिकवायचे. हर्षालीने नाव दिलं ते हौसेने नव्हे. तेव्हा ती उशाखाली दगड घेऊन झोपायची, त्या दगडाशिवाय झोप लागावी एवढंच तिला हवं होतं. मनगट सोडवायचा डाव तर ती इतक्यांदा करायची की जोडीदारीण वैतागून म्हणायची, "बाई, माझं मनगट आता मला परत दे." हात भराभर शिकले. आवाजाचं मात्र घोडं अडलं. कराट्यात ठोसा मारताना पोटातून आरोळी द्यावी लागते, तिला किआय म्हणतात. हर्षालीचा ठोसा अचूक, तोंड बंद. तोंड उघडलं तरी नुसती हवा बाहेर यायची. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, आणि दोन्ही वेळा आवाजापायी. सरांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. "हात एवढा बोलतो, मग तोंड का बोलत नाही?" असं त्यांनी विचारूनही पाहिलं.

मग ती ठाण्याला एका मॉलमध्ये सिक्युरिटीच्या कामाला लागली. तिथे जवळच्या व्यायामशाळेत ज्युदो शिकली. उस्ताद सगळ्यांना आधी एकच सांगायचे, "पहले गिरना सीखो, बेटा." हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात जमिनीवर आपटायचा. महिनाभर नुसतं पडणं. पडायची भीती गेली तेव्हा तिने स्वतःशी म्हटलं, चला, एक तरी गेली. लाठीही तिथेच शिकली. दरवेळी तिला वाटायचं, ही विद्या आली की उरलेली भीती जाईल. विद्येने खूप दिलं, ते नाकारून चालणार नाही. पाठ सरळ झाली, अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा देता येऊ लागला, राग आवरता येऊ लागला, चार लोकांत बोलता येऊ लागलं. भीती मात्र गेली नाही. ती फक्त युनिफॉर्म घालून ताठ उभी राहायला शिकली.

गावाकडे परतून ती शाळांत शिकवू लागली तेव्हा पहिला धडा हाच होता, संकटात ओरडा. ती हे फळ्यावर लिहायची, मुलींकडून ओरडून घ्यायची, आणि स्वतः शिट्टी वाजवायची. सगळ्यांना वाटायचं, मॅडमची शिस्त आहे. दिव्याखालचा अंधार कुणाला दिसला नाही.

गेल्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधीची गोष्ट. शाळा लवकर सुटली म्हणून हर्षाली दुपारीच फाट्यावर उतरून पाड्याकडे चालत निघाली. पाऊस थांबला होता, पण धुकं खाली आलं होतं, दहा हातांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. ओहळाच्या वळणावर आली आणि थबकली. रस्त्याच्या कडेला एक जीप उभी होती. दार उघडं, आत कुणी नाही.

तेवढ्यात खालून, ओहळातून हाक आली. "हर्षे." आवाज आईचा होता.

ती जागच्या जागी थिजली. जीपच्या पलीकडून एक माणूस पुढे आला, तेव्हा तिची मूठ आपोआप वळली. पण तो पाड्यावरचा रघु होता, जीप त्याचीच, धुक्यात वाट दिसेना म्हणून कडेला लावलेली. तोही दरीच्या कडेला उभा राहून कान देत होता. त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"ताय, गप ऱ्हा," तो हळू आवाजात म्हणाला. "तू पण ऐकलंस ना? ओ देऊ नको. दुसरी येऊ दे."

"आईचा आवाज होता."

"काकी हितं कठं असंल? सकाळी मीच तिला मोखाड्याला सोडली. बाजारात बसलीय ती." रघुच्या कपाळावर घाम आला होता. "तुझं नाव घेतलं त्यानं. तुलाच बोलावतंय. दुसरी येऊ दे, मंग मी पण येतो खाली."

दोघं कडेला उभे राहिले. खाली पाण्याचा आवाज होता, बाकी काही नाही. रघु अगदी शेजारी उभा होता आणि त्याच्या हातांना डिझेलचा वास येत होता. तिचं मनगट धरलं गेलं त्या दुपारी रघु आठ-नऊ वर्षांचं शेंबडं पोर होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जीप चालवणाऱ्याच्या हाताला डिझेलचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार? पण भीतीला असले हिशोब कळत नाहीत. तिचं मनगट थंड पडलं. ती हाच ओहळ, हेच वळण चौदा वर्षं जीव मुठीत धरून ओलांडत आली होती, आणि आज त्याच ओहळाने तिला नाव घेऊन बोलावलं होतं.

दुसरी हाक येईना. रघु पुटपुटला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? रानातलंच. चल, गाडीत बस."

हर्षालीने मागे वळायला पाऊल उचललं. खरंच उचललं. रघु म्हणतो ते बरोबर होतं, आई बाजारात होती, आणि तिलाही गाडीत बसून दार लावून घ्यायचं होतं. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आपण कुठे उभ्या आहोत. वरच्या टेपावर विळा हातात धरून आई उभी होती ती अशीच, एक हाक ऐकून, दुसरीची वाट बघत. आणि खाली एका पोरीच्या तोंडावर हात होता.

तिने शिट्टी ओठांना लावली आणि खाली सोडली. शिट्टी म्हणजे ओ नव्हे. खाली कोणी असेल तर त्याला माणसाचा आवाज हवा. तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. रघु तिची ओढणी धरून मागे खेचू लागला. तिने पाय रोवले, सरांनी शिकवले होते तसे, पोट आत ओढलं, आणि सगळा जीव एकवटून ओरडली.

"ओ!"

इतका मोठा आवाज आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. दरी दणाणली. रघुने ओढणी सोडली आणि तो जीपला जाऊन टेकला. "ताय, काय केलंस तू," एवढंच तो म्हणाला.

ओ दिली, आता जायला हवं. हर्षाली उतारावरून निघाली तेव्हा तिला कसलंही धैर्य वगैरे आलं नव्हतं. धुक्यातला प्रत्येक बुंधा तिला गमछा बांधलेला माणूस दिसत होता. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला, ती पडली. हनुवटी छातीला लागली, पाठ गोल झाली, तळहात चिखलात आपटला, आणि ती कोपर खरचटून उठली. उस्तादांना मनातल्या मनात हात जोडले. आपण आईच्या आवाजाच्या मागे जातोय की मरणाच्या, हे तिला कळत नव्हतं, आणि पाय पुढे पडत होते.

पाण्याच्या कडेला नवशी पडली होती. एक पाय दोन दगडांच्या सापटीत अडकलेला, घोट्यापाशी वाकडा झालेला. बाजारची पिशवी पाण्यात गेली होती. काम लवकर आटोपलं म्हणून ती दुसऱ्याच कुणाच्या टेम्पोतून पलीकडच्या रस्त्याला उतरली होती आणि ओहळातल्या जवळच्या वाटेने घरी निघाली होती. पाय अडकला तेव्हा तोंडून पोरीचंच नाव निघालं होतं. चेहरा पांढरा पडला होता, ओठ थरथरत होते. पोरीला बघून तिने आधी तिच्या मागे बघितलं, दुसरं कोणी येतंय का, मग डोळे मिटले.

हर्षालीने दगड हलवून पाय मोकळा केला. नवशी कण्हली, पण ओरडली नाही. हर्षालीने आपली ओढणी फाडून घोटा बांधला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग तिला राग आला, भीतीतून येतो तसला.

"आये, एकच हाक का मारलीस? मी निघाले व्हते. रघु म्हणत व्हता रानातलं हाय, मी गाडीत बसणार व्हते. दुसरी का नाय मारली?"

नवशीने पाण्याकडे बघितलं.

"मारणार व्हते," ती म्हणाली. "तोंडात आली व्हती. मंग आठवलं, त्या दिवशी तुला कठं मारता आली व्हती."

हर्षाली आईचं मनगट धरून चिखलात बसली. किती वेळ आई इथे अशी पडली होती, धुक्याकडे बघत, एकदाच मारलेली हाक कुणी ऐकली की नाही या भयात, हे तिला नीट समजत होतं. या पाड्यात तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला समजणार नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

वर रघु अजून होता. पाण्याच्या आवाजात खालचं काही वर पोचलं नाही, म्हणून त्याची आणखीच गाळण उडाली असणार. पण तो पळून गेला नव्हता. धुक्यातून त्याचा आवाज आला, घाबरलेला, चिरका, एकदाच.

"ताय!"

आणि खालून मायलेकींनी एकदमच ओ दिली.