आमच्या धाकट्यावरचा माहितीपट

आमचा धाकटा भाऊ मोठा माणूस आहे. हे मी म्हणत नाही, मासिकांत छापून येतं. बंगळूरला त्याची कंपनी आहे आणि कंपनीचं एक ॲप आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांची ते काळजी घेतं. गोळ्यांची आठवण करतं, डॉक्टरांची वेळ ठरवतं, बटण दाबलं की घरी माणूस पाठवतं. परदेशात गेलेली मुलं त्याला दुवा देतात. त्याचे स्वतःचे वडील कोल्हापुरात माझ्याकडे असतात. त्यांच्या गोळ्यांची आठवण मी करते, ॲप निघायच्या आधीपासून.

मागच्या वर्षी त्याच्या आयुष्यावर माहितीपट काढायचं ठरलं. अजून पन्नाशीही न गाठलेल्या माणसाच्या आयुष्याचा आढावा घ्यायची एवढी घाई कुणाला झाली होती, कोण जाणे. खर्च त्याचीच कंपनी करणार होती, एवढं कळलं. दिग्दर्शिका पुण्याची, तरुण, गोड मुलगी. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "ताई, सरांचा संघर्ष साधारण कुठं झाला?"

मी विचारात पडले. आबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. राहायला बंगला, पुढं पेरूची झाडं, धाकट्याला शाळेत सोडायला खात्याची जीप. संघर्ष झाला तो दुधावरची साय कुणी खायची यावरून, माझ्याशी. तोही त्यानंच जिंकला.

"जेवणाच्या टेबलावर झाला," मी म्हटलं. तिनं मनापासून लिहून घेतलं.

टेबलावर काही भागणार नव्हतं. मग जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला एक कौलारू घर शोधलं. दारात म्हैस होती, चूल होती, भिंतीचे पोपडे निघालेले होते, सगळं मनासारखं. धाकटा उंबऱ्यावर बसला आणि लांब बघायला लागला. घराचा मालक शेजारी उभा राहून बराच वेळ त्याच्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"पावणं, तुमी हितं कवा ऱ्हायलासा?"

धाकटा म्हणाला, "राहिलो नाही हो, हे प्रतीकात्मक आहे."

"व्हय व्हय," मालक म्हणाला आणि म्हैस सोडून घेऊन गेला. म्हशीशिवायच चित्रण उरकावं लागलं.

आईचा भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतला. धाकटा प्रत्येक भाषणात सांगतो, की आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी रात्री जागवताना त्याला ही कल्पना सुचली. आई दवाखान्यात होती तेव्हा तो शनिवारी आला आणि रविवारी गेला. मधल्या वेळात त्यानं नर्सला वायफायचा पासवर्ड विचारला. उशाशी आम्ही नवराबायको आळीपाळीनं होतो, पण आम्हा दोघांना भाषणं येत नाहीत आणि कल्पनाही सुचली नाही. आम्हाला झोप येत होती. कॅमेऱ्यासमोर त्याचे डोळे भरून आले, ते मात्र खरे होते. आपण तिथं होतो असं त्याला आता खरोखरच वाटतं.

मग आबांची पाळी आली. त्यांना आरामखुर्चीत बसवलं, हातात फोन दिला.

"आबा, समजा तुम्हाला काही हवंय," दिग्दर्शिका म्हणाली. "काय हवंय?"

"पाणी पायजे."

"छान. मग आता हे हिरवं बटण दाबा."

आबांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. त्यांचं उभं आयुष्य धरणांच्या कामावर लांबच्या माणसांना हाका मारण्यात गेलेलं. "पोरी, पाणी आण गं!" ते ओरडले. मी सवयीनं तांब्याभांडं घेऊन धावले ती थेट कॅमेऱ्यासमोर. धाकट्यानं कपाळाला हात लावला. आबा पाणी प्याले आणि म्हणाले, "बटन कशाला? ही हाय की!"

शेवटी शेजारच्या काकूंना बोलावलं. काकूंचे दोन्ही मुलगे अमेरिकेत. त्या एकट्याच राहतात आणि ॲपचं बटण गळ्यात घालतात. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आम्ही सगळे लग्नाला इचलकरंजीला गेलेलो. हाक ऐकायला कुणी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं, माणूस आला, त्यानं कडी तोडली, दवाखान्यात नेलं, मुलाला फोन लावून दिला.

"तो आला नसता तर मी तिथंच गेले असते," काकू म्हणाल्या. त्यांनी धाकट्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तो वाकला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून तसाच राहिला. तेव्हा कॅमेरा बंद होता, बॅटरी बदलत होते. मी दारात उभी होते. इतके दिवस जिभेवर तयार ठेवलेलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही.

संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून झाल्यावर तो माझ्यामागं स्वयंपाकघरात आला.

"ताई, तुला काय वाटतं ते कळतंय मला."

"अरे वा. त्याचंही ॲप काढलंस?"

"ऐक तरी. मी इथं राहिलो असतो तर आबांना आपण दोघं असतो. काकूंना कुणीच नसतं."

उत्तर इतकं घोटीव होतं की आधी कुठंतरी टाळ्या घेऊन आलं असणार. पण ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत.

"काकूंचं चांगलंच केलंस," मी म्हटलं. "आता मला आणि तुझ्या भावोजींना जरा राधानगरीला जायचंय. कॅमेरा तिकडंच ठेव आणि आबांजवळ येऊन राहा."

तो हो म्हणाला. मग सिंगापूर आलं, मग बोर्डाची मीटिंग आली, मग दुसरी मीटिंग. मध्ये माहितीपट मात्र वेळेवर आला. आम्ही सगळे बैठकीत बसून बघितला. काकूंचं बोलणं सुंदर घेतलं होतं. आबांच्या मागून तांब्याभांडं घेऊन धावणारी मीही दिसले, आणि माझ्याखाली अक्षरं आली, 'घरातील मदतनीस'. माझा नवरा हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. आबांनी चष्मा पुसून विचारलं, "काय लिवलंय?" कुणी सांगितलं नाही.

धाकट्यानंही ते तेव्हाच पाहिलं असावं. त्यानं फोन केला, "ताई, मी येतो," म्हणाला. त्याच आठवड्यात तो एकटाच, एक बॅग घेऊन आला. आम्ही राधानगरीला गेलो आणि फोन सुरू झाले.

"ताई, आबा अंघोळीला नको म्हणतायत."

"ॲपमध्ये बघ."

तो आधी हसला, आणि मग खरंच काकुळतीला येऊन म्हणाला, "अगं, सांग की!"

मी सांगितलं. पाणी आधी त्यांच्या हाताला लावून दाखवायचं. भाकरी दुधात कुस्करायची, पण त्यांच्यादेखत नाही, अपमान वाटतो. गोळी पेढ्याबरोबर द्यायची नाही, ते पेढा खातात आणि गोळी खिशात ठेवतात. तो "हं, हं" म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो मला मध्ये न तोडता ऐकत होता.

आम्ही परतलो त्या दिवशी त्याचं दुपारचं विमान होतं. शर्ट चुरगळलेला, डोळे तारवटलेले. जाताना मला म्हणाला, "रोज कसं करतेस गं?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसला. विमानं थांबत नाहीत, हे मलाही माहीत आहे.

आत आबा खुर्चीत बसले होते. हनुवटीवर दाढीचं ब्लेड लागलेलं, त्यावर कापूस.

"काय मग आबा, कशी केली मुलानं सेवा?"

"दाढी येत न्हाय त्याला," आबा म्हणाले. "भाकरीबी करपवलीन. पण बसत हुता. दुपारभर माझ्याजवळ बसून बोलत हुता. तुला कुठं वेळ असतोय?"

वा! बारा महिने धावायचं मी, आणि बसला म्हणून शाबासकी त्याला. मी चिडून मेथीची जुडी सोडली आणि निवडायला घेतली. थोड्या वेळानं ताट उचललं आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

"काय बोलत होता एवढं?"

"कंपनीचं कायतरी," आबा म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?" त्यांनी हात पुढं करून मेथीच्या थोड्या काड्या स्वतःकडं ओढल्या आणि पानं खुडायला लागले. "तू सांग. राधानगरीला धरण बघितलंस काय?"