फांदीभाऊंचं पडणं

फांदीभाऊ झाडावरून पडले होते आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता. पडतो हो माणूस, त्यात काय! पण हे पडले ते थेट सिनेमात. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर एका माळावर कबड्डीच्या विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नुकतंच लग्न झालेले भाऊ ते बघायला लिंबाच्या झाडावर चढले. ऐन शेवटच्या चढाईला फांदी मोडली आणि भाऊ धोतरासकट खाली! कॅमेरा चालूच होता, दिग्दर्शकाने ते पडणं ठेवून दिलं. पुढे सातपूरच्या कारखान्यात आम्ही एका पाळीला लागलो, शेजारी झालो, तोवर त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं.

गणपतीत कॉलनीच्या रस्त्यावर पडदा बांधून दरवर्षी हाच सिनेमा लागायचा. दुसरा आणायचं नाव काढलं की भाऊ आरतीला यायचे बंद. फांदी कडाडली की 'वन्स मोअर'चा गलका व्हायचा, ऑपरेटर रीळ उलटं फिरवायचा, भाऊ जमिनीवरून उडून झाडावर बसायचे आणि पुन्हा पडायचे. पडद्यामागे बसणाऱ्यांवर मात्र ते उखडायचे. "अरे, तिकडून मी डाव्या कुशीवर पडतो! खरा उजव्या कुशीवर पडलोय. या इकडं!"

या कौतुकात एकच माणूस कोरडं, ते म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी. पडायची वेळ झाली की त्या दूध बघायच्या निमित्ताने घरात जायच्या. "लोकांचे नवरे नाव काढतात, आमचे पडतात," म्हणायच्या. भाऊ हसण्यावारी न्यायचे. पण एकदा डबा खाताना मला म्हणाले, "समदी कॉलनी टाळ्या वाजवती, पण घरात एक टाळी नाय रे." डोळ्यांत पाणी होतं. कांद्याने आलं म्हणाले. डब्यात मेथीची भाजी होती.

मग रंगीत टीव्ही आले त्या सुमारास बातमी आली, की त्याच सिनेमाचा हिंदीत नवा अवतार निघालाय आणि त्यात कबड्डीचं क्रिकेट केलंय. भाऊंचा चेहराच उतरला. "क्रिकेटच्या मैदानात झाड कुठून आणणार? मला काढलंच म्हण की!" सिनेमा नाशिकला लागल्याबरोबर ते अख्खी कॉलनी घेऊन थिएटरात हजर. वहिनींनाही ओढून आणलेलं.

जुन्यात हिरो चिखलात लोळायचा, नव्यात त्याच्या पँटची इस्त्री मोडत नव्हती. जुना पंच तंबाखू मळत निकाल द्यायचा, नवा गॉगल लावून. गाणी छान होती म्हणतात, आम्ही नायिकेमागे झाड शोधत होतो! मध्यंतर झालं तरी झाडाचा पत्ता नाही. भाऊ खुर्चीत खचत चालले होते.

शेवटच्या षटकात चेंडू उंच उडाला आणि सीमारेषेपलीकडे, अहो, झाड! झाडावर गुबगुबीत विनोदी नट. फांदी मोडली, ढोल वाजले, तो सावकाश गिरक्या घेत गवताच्या गंजीवर अलगद आला. थिएटर हसून बेजार. भाऊंनी मान खाली घातली.

तेवढ्यात अंधारात वहिनी ताडकन उभ्या राहिल्या.

"ह्याला काय पडणं म्हणतात? हा तर उतरला! आमचे हे पडले होते! खाली गंजी नव्हती का गादी नव्हती. महिनाभर हळदीचा लेप लावलाय मी. अजून बघवत नाही मला ते!"

मागून कुणीतरी "ओ बाई, बसा!" ओरडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ ढसाढसा रडले आणि या खेपेला त्यांनी कांद्याचं नाव काढलं नाही.

त्यानंतर भाऊंना ती गोष्ट सांगायची पाळीच आली नाही, वहिनीच सांगू लागल्या. निवृत्तीनंतर दोघं नांदगावला निघाले, तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. एसटी सुटायच्या आत वहिनींनी शेजारच्या सीटवरच्या बाईला गाठलं होतं. "चांगलं वडाचं झाड, देवळाच्या कळसाएवढं..."

भाऊ खिडकीतून वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "लिंब होता रे, तोबी बारका. पण बोलू दे तिला."